मुचंडी, मुचंडीकर

रात्री साडेदहाला पान तीन माझ्या ताब्यात येतं.
रामलिंगखिंड गल्लीतलं ऑफिस, कुरकुरणारा पंखा,
आणि ड्रॉवरमध्ये पोलादी पट्टी.
निवडणूक लागली त्या दिवशी संपादकांनी हातात दिली,
म्हणाले, सगळ्यांना सारखं मोजा.

मी मोजतो.
आमच्या माणसाला चौदा सेंटिमीटर, त्यांच्या माणसाला चौदा.
फक्त आमचा गरजतो,
त्यांचा म्हणतो.
आमची पदयात्रा निघते, त्यांची फेरी होते.
आमच्या सभेत बसू गुडघ्यावर बसून फोटो काढतो,
त्यांच्या सभेला जरा लवकर जातो,
खुर्च्या मांडत असतात तेव्हा.
पट्टीला यातलं काही दिसत नाही.

पलीकडच्या बोळात कन्नड पेपर.
तिथला ईरण्णा आणि मी बाराला एकाच गाड्यावर चहा पितो.
'इवत्तु एष्टु?' म्हणतो. आज किती?
मी म्हणतो दहा हजार, तो म्हणतो दोन.
मैदान एकच, संध्याकाळ एकच.
आम्ही हसतो आणि बशीत ओततो.

कस्तुरी वडगावची. यंत्रमागावर कामाला.
अपक्ष, चिन्ह शिलाई मशीन,
हँडबिलाची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड.
आमच्या टेबलावर ती मुचंडी ठरली,
म्हणजे त्यांची. ते छापतील.
ईरण्णाच्या टेबलावर ती मुचंडीकर झाली,
म्हणजे आमची. आम्ही छापू.
त्या दोन अक्षरांच्या फटीत
ती तीन आठवडे प्रचार करत होती.

मग एकदा जिना चढून वर आली.
केसांत सुताचा धुरळा, आवाज मोठा,
मागाच्या खडखडाटात बोलायची सवय.
मी पट्टी दाखवली. हसली.
आमच्याच पेपरवर हात पसरून वीत टाकली:
'ह्यो एक वीत. ह्यो बी एक वीत.
आन मी?'
तळाशी 'आणि इतर' असं होतं.
तिनं त्यावर करंगळीचं नख ठेवलं, शब्द झाकला गेला.
'साडी पाचवारी असूंदे, नऊवारी असूंदे ओ,
गिऱ्हाईक बघून गज बदलत नाही आमच्यात.'

मी पाणी विचारलं. म्हणाली, पाण्याचंच लिहा की.
आठ दिवसांनी येतंय, ते बी रात्री दोनला,
बायका घागरी घेऊन नळाशी झोपतात,
सकाळी मागावर डोळा लागला तर धागा तुटतो
आणि पगारातनं कापतात.

त्या रात्री मी तिला पाच ओळी दिल्या.
पाण्यापासून सुरुवात, शेवटी तिचं नाव.
मुचंडी लिहिलं आणि थांबलो.
कर लावू की नको?
फोन केला. मागं माग चालू होते.
'काय ओ?' ती ओरडली, 'ऐकू येईना.'
मी काहीच लावलं नाही.

पावणेबाराला जाहिरात आली. आमच्या माणसाची, पाव पान.
बातमी नेहमी खालून कापतात,
शाळेत शिकवल्यासारखा हात आपोआप तसा जातो.
सकाळी पेपरात उरलं होतं:
वडगावात आठ दिवसांनी पाणी, बायका नळाशी झोपतात.
कोण म्हणालं, ते उडालं होतं.

दोनच दिवसांत आमचा माणूस सभेत घागर घेऊन उभा राहिला.
नळाशी झोपणाऱ्या माझ्या माता-भगिनी, म्हणाला.
बसूनं गुडघे टेकले.
मी चौकट लावली, मथळ्यात 'गरजले' टाकलं,
पट्टीनं मोजलं. बरोबर चौदा.

गाड्यावर ईरण्णा म्हणाला, आमचा पण आज पाण्यावर बोलला रे,
कुठून सुचलं ह्यांना एकदम?
चहा गार होत होता.
मी टेबलावर हात पसरला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
आणि काय मोजतोय ते त्याला सांगता येईना.